पट्टा हिरवाच होता

तृप्ती लोडेचा दमपट्टा कधी लाल झाला नव्हता. बचाव केंद्रात तिचं जे काही नाव होतं, ते या एका गोष्टीवर होतं.

वर्धा नदीकाठच्या जमिनीखालच्या खाणी एकामागून एक बंद पडत चालल्या होत्या, तेव्हाची ही गोष्ट. वरवरचा कोळसा यंत्रं खरवडून नेत होती. माणसं पोटात उतरायची ती फक्त तीन नंबरच्या खाणीत. आता माणसं उतरतात म्हटल्यावर त्यांना बाहेर काढायला माणसंच लागणार, म्हणून बचाव केंद्र टिकून होतं. खाणीत कोळशाने पेट घेतला की बोगदे धुराने आणि विषारी वायूने भरतात. तिथे जायचं तर पाठीवर श्वासयंत्र बांधून. या यंत्रात आपण सोडलेला श्वासच फिरून आपल्याकडे येतो. मधल्या डब्यातली पूड त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेते, नळकांडं थोडा प्राणवायू सोडतं, आणि तीच हवा गरम होऊन पुन्हा तोंडात शिरते. ऐकायला सोपं आहे. पण ती हवा पूड, झडपा आणि नळ्या यांच्यातून छातीच्या जोरावर ओढावी लागते. घट्ट लस्सी बारीक नळीने ओढून पाहावी, म्हणजे कल्पना येईल. फरक एवढाच की लस्सी मध्येच ठेवून देता येते.

या ओढाओढीत माणूस कधी खचेल हे ओळखायला दमपट्टा आला. छातीला बांधायचा हा पट्टा हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला रक्तदाब मोजायचा. श्वासाचे स्नायू थकले की ते मेंदूकडे तक्रार करतात. मेंदू मग हातापायांच्या रक्तवाहिन्या आवळतो आणि तिथलं रक्त श्वासाच्या स्नायूंकडे वळवतो. वाहिन्या आवळल्या की रक्तदाब चढतो. तो जसा चढेल तसा पट्ट्याचा दिवा हिरव्याचा पिवळा आणि पिवळ्याचा लाल होणार. कॅप्टनच्या मनगटावरच्या पाटीवर तुकडीतल्या पाचही जणांचे ठिपके दिसत.

पट्टा येण्याआधी कॅप्टन प्रत्येक वळणावर थांबायचा, एकेकाच्या तोंडावर दिवा मारायचा आणि हाताने विचारायचा, कसा आहेस? पट्टा आला आणि ते विचारणं गेलं. कशाला विचारायचं? पाटीवर दिसतंच आहे की.

तृप्ती भरतीला आली तेव्हा कॅप्टन जयदेव कुमरे तिला म्हणाले होते, "हे पाणी भराचं काम नोहे, बाई." धुराच्या सरावखोलीत गड्यांचे पट्टे पिवळे होऊ लागले आणि हिचा हिरवाच राहिला, तेव्हा त्याच कुमऱ्यांनी साऱ्या केंद्रासमोर मिशीवर हात फिरवला. "पाह्य लेका हो, दम याले म्हणतेत!" तेव्हापासून तिचा नंबर पाचवा झाला. तुकडीत एक नंबर कॅप्टनचा आणि पाच नंबर सगळ्यात खमक्या गड्याचा, कारण त्याच्या मागे कोणी नसतं.

खरं सांगायचं तर सरावात एकदोनदा तृप्तीच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले होते. बरगड्यांखालचं मांस थरथरत होतं, हवा ओढता ओढवत नव्हती, आणि खाली पाहिलं तर दिवा हिरवा. तिला वाटलं, आपल्याच मनाचे खेळ. रक्ताचा दाब काय तो यंत्राला कळतो, आपल्याला काय कळतंय! ज्या तराजूने आपलं वजन जास्त दाखवलं, त्याच्यात खोट आहे का हे कोण तपासायला जातं?

केंद्रात तिला आणलं ते तिच्या दिराने, रोशनने. तो खाणीत पंपावर होता. भरतीची बातमी त्यानेच आणली आणि आईचं मनही त्यानेच वळवलं. नवरा अंकुश तसा मवाळ माणूस, घरात कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. रोशन मात्र जेवायला बसला की सुरू व्हायचा. "काय म्हणते आमची हिरवी वहिनी? आज किती गड्यांची जिरवली?" सिंधूबाई, म्हणजे तृप्तीच्या सासूबाई, त्याला लटक्या रागाने दटावायच्या आणि शेजारणींना मात्र तीच गोष्ट तिखटमीठ लावून सांगायच्या.

भोंगा झाला तेव्हा दुपारची जेवणं नुकतीच आटोपली होती.

पंपाच्या बाजूला कोळसा आतल्या आत धुमसून पेटला होता. बाकीची पाळी बाहेर पडली. पंपघरात दोघं अडकले होते, बंडू रामटेके आणि रोशन लोडे. फोन अजून चालू होता. दाराच्या फटींत ओली पोती कोंबली आहेत, धूर हळूहळू येतोय, असं रोशन सांगत होता. 'खेकडा' म्हणायचे ते सरपटणारं यंत्र आधी पाठवलं होतं. वाटेत छत कोसळलं होतं, त्या ढिगाऱ्यावर ते पाय झाडत अडकून पडलं. दुसरी तुकडी वणीहून निघाली होती, पण ती पोहोचायला वेळ होता.

नातेवाईक अडकलेला असेल तर बचावाला उतरायचं नाही, असा नियम आहे. माणूस मग डोक्याने चालत नाही. कुमऱ्यांनी तृप्तीकडे पाहिलं. त्यांचा एक गडी रजेवर होता.

"नियम मले माहीत हाय," ते म्हणाले. "पण तुझ्याएवढा दम कोणापाशी हाय सांग? येतं?"

"येते."

खाणीच्या फाटकाशी गर्दी जमली होती. त्यातून सिंधूबाई पुढे आल्या. रडत नव्हत्या. त्यांनी तृप्तीचा हात दोन्ही हातांत धरला, आणि त्यांची नजर हातावरून तिच्या छातीवरच्या हिरव्या दिव्यावर गेली.

"आण त्याले," त्या म्हणाल्या.

"आणते, आई."

असं वचन कोणी देऊ नये. पण अशा वेळी कोण दुसरं काय म्हणतं?

आत धूर एवढा दाट होता की पुढच्या माणसाच्या टोपीवरचा दिवा म्हणजे नुसता धूसर डाग. पाच जण एका दोरीला धरून चालत होते. तृप्ती शेवटी, तिच्या हातात स्ट्रेचरचं मागचं टोक आणि स्ट्रेचरवर आतल्या दोघांसाठी जादा श्वासयंत्रं. उतार संपेपर्यंत सगळं ठीक होतं. मग ढिगारा आला. पोटावर सरपटत, स्ट्रेचर ढकलत, दगडाच्या आणि छताच्या मधल्या फटीतून जायचं. पलीकडे उतरून ती उभी राहिली आणि तिला कळलं की हवा पुरेशी येत नाही.

हवा होती. नळकांड्यात प्राणवायू भरपूर होता. पण डब्यातली पूड दमट होऊन घट्ट झाली होती, आणि ओढणारी छातीच ऐकेनाशी झाली होती. एक श्वास घ्यायला जोर लावावा, तो पुरता येण्याआधी दुसऱ्याची गरज लागावी. बरगड्यांखाली तीच थरथर. तोंडावरचा मुखवटा ओरबाडून फेकून द्यावा असं वाटू लागलं, आणि धुरात मुखवटा काढलेला माणूस परत येत नाही हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिने खाली पाहिलं. हिरवा.

पंपघर दोन वळणांवर होतं.

पाय धड होते, आणि हेच तिला उमगत नव्हतं. पुढचे गडी ढेपाळत चालले होते, एकजण तर भिंतीला धरून पाय टाकत होता. हिचे पाय ताजे. पण डोळ्यांपुढे कडेकडेने काळोख गोळा होत होता. दोन वळणं गाठता येतील? कदाचित. मग दार फोडायचं, दोघांना यंत्रं चढवायची, एकाला उचलायचं, आणि पुन्हा तो ढिगारा. तिथे ती पडणार हे तिला स्वच्छ दिसलं. आणि पाचातला एक पडला की उरलेले चार त्यालाच उचलतात. आतल्यांना मग उचलणार कोण? ती पडली तर ती जाणार, रोशन जाणार, बंडू जाणार, आणि या ढेपाळलेल्या चौघांपैकी कोण परततं कोण जाणे.

रोशन ओल्या पोत्यांमागे बसून आपली वाट बघतोय, एवढंच सारखं मनात येत होतं. तिने कमरेचा भोंगा दाबला. एकदा, लांब. परत फिरा.

कुमरे मागे आले. त्यांनी तिच्या तोंडावर दिवा मारला, पण मुखवट्याची काच वाफेने पांढरी झाली होती. त्यांनी मनगटाची पाटी तिच्या डोळ्यांसमोर धरली, बाकीचे चार ठिपके पिवळे होते, आणि तिच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. हिरवा. मग पुढे हात केला, दार तर आलंच की! तृप्तीने छातीवर हात ठेवला आणि मान हलवली. त्यांनी पुन्हा पाटीवर बोट आपटलं. मुखवट्यात बोलता येत नाही, हातवारेच करायचे, आणि 'माझ्यावर विश्वास ठेवा' याचा हातवारा कोणी शिकवलेला नसतो.

तिने भोंगा पुन्हा दाबला, आणि बोट काढलंच नाही.

एकाने भोंगा दिला की पाचांनी फिरायचं, यात कॅप्टनचंही चालत नाही. कुमरे फिरले. तिच्या अंगावरून पुढे जाताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही. स्ट्रेचर दुसऱ्या गड्याने ओढलं, म्हणून परतीचा ढिगारा तिला कसाबसा ओलांडता आला.

बाहेर स्वच्छ हवेत आल्यावर गडी गुडघ्यांवर कोसळले, त्यांच्या पोटऱ्या लटपटत होत्या. तृप्ती उभी होती. मुखवटा काढून भिंतीला टेकून ती नुसती श्वास घेत होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता. पण ते कोणाच्या ध्यानात येणार? लोकांना दिसली ती ताठ उभी असलेली बाई आणि तिच्या छातीवरचा हिरवा दिवा.

वणीची तुकडी आली, उतरली आणि दोघांना घेऊन वर आली. बंडू जिवंत होता. रोशन नव्हता. जाऊन फार वेळ झाला नसावा, असं कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य संध्याकाळपर्यंत घरोघरी पोहोचलं.

तेरावं होईपर्यंत घरात तिच्याशी कोणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. ताटात जेवण पडत होतं, आंघोळीचं पाणी तापत होतं, फक्त तिच्याकडे पाहून कोणी बोलत नव्हतं. सिंधूबाईंच्या डोळ्यांतून तर टिपूस आलं नव्हतं. बायका गळ्यात पडून रडायच्या आणि या कोरड्या डोळ्यांनी समोरच्या भिंतीकडे पाहत राहायच्या. शेवटी एका दुपारी तांदूळ निवडता निवडता, मान वर न करता त्या म्हणाल्या, "तुझा पट्टा हिरवाच होता म्हणे."

"हो, आई."

"अन् तू चालत आली."

"माझा दम संपला होता, आई. अजून दोन पावलं गेले असते तर—"

"कुमऱ्याचा पिवळा होता. तुकडीतल्या त्या बोढेच्या पोराचा पिवळा होता. ते पुढं जायले तयार होते." त्यांनी सूप खाली ठेवलं. "भेव लागते पोरी, समजते मले. मी असती तर मीबी भेली असती. पण मंग तसं सांग ना. खोटं काऊन बोलतं?"

तृप्तीने अंकुशकडे पाहिलं. तो दारात बसून चपलेचा तुटका पट्टा ओढत होता. "मी काही म्हटलं का तुले?" तो म्हणाला. आणि हेच तिला सगळ्यात जास्त लागलं.

खाणीवर वेगळं काय होणार? पानठेल्यावर बोलणं चालायचं, की बाईमाणूस ते बाईमाणूस, ऐन वक्ताला कच खाल्ली. केंद्रात आणखी तीन मुली शिकत होत्या, त्यांना घरच्यांनी परत बोलावलं. रात्री पडल्या पडल्या तृप्तीच्याही मनात यायचं, की खरंच भ्यायले का मी? भीती आणि दम संपणं, छातीत दोन्ही सारखीच तर वाटतात.

चौकशी समिती नेमली गेली, आणि तिच्याबरोबर नागपूरहून डॉ. वसुंधरा खोब्रागडे आल्या. श्वासाचं आणि रक्ताभिसरणाचं शरीरशास्त्र हा त्यांचा विषय. त्यांनी तृप्तीच्या पट्ट्यातली सगळी नोंद पाहिली आणि तिला बोलावून पहिलाच प्रश्न केला.

"पाय कसे होते तुझे?"

आजवर हे कोणी विचारलं नव्हतं. "चांगले होते," ती चाचरत म्हणाली, कारण हे बोलणं आपल्याच गळ्याला फास लावल्यासारखं होतं.

"असणारच." डॉक्टरांनी खुर्ची जवळ ओढली. "गावात पाणी कमी पडलं की नळवाला काय करतो? खालच्या गल्ल्यांचे व्हॉल्व्ह आवळतो, म्हणजे वरच्या टाकीला पाणी चढतं. बरोबर? व्हॉल्व्ह आवळले की मुख्य नळात दाब वाढतो. पुरुषांच्या शरीरात हेच होतं. श्वासाचे स्नायू थकले की हातापायांचं रक्त तोडलं जातं. पाय लटपटतात आणि रक्तदाब चढतो. पट्टा तो चढलेला दाब वाचतो. पण तुझ्या वयाच्या बायकांमधला नळवाला जरा मऊ मनाचा असतो. तो खालच्या गल्ल्या फारशा बंद करत नाही. पायांना रक्त मिळत राहतं, म्हणून दाब तेवढा चढत नाही."

"म्हणजे मी थकले नव्हते?"

"थकली होतीस. बायकांचे श्वासाचे स्नायू तसे चिवट असतात, पण तुमच्या श्वासनळ्या अरुंद. त्याच यंत्रातून हवा ओढायला तुला गड्यांपेक्षा जास्त कष्ट पडतात. श्वासाच्या स्नायूंची टाकी रिकामी झाली होती, फक्त नळात दाब चढला नाही. आणि पट्ट्याला टाकी दिसत नाही, दाब दिसतो."

इतक्या दिवसांनी आपलं म्हणणं आपल्यालाच खरं वाटायला लागलं, या एका गोष्टीने तृप्तीला रडू कोसळलं.

"पण पट्टा बनवणारी कंपनी म्हणते, बायकांवर चाचण्या केल्या आहेत," डोळे पुसून ती म्हणाली.

"केल्या आहेत ना. पंचावन्नच्या पुढच्या बायकांवर. तरुण बाई घेतली आणि ती गरोदर निघाली तर नसतं झंझट, म्हणून घेतलीच नाही. मऊपणा आणतं ते बहुधा स्त्रीसंप्रेरक, ते रक्तवाहिन्या सैल ठेवतं. पाळी गेली की तोही जातो आणि बाईचा पट्टा पुरुषासारखा चालतो. त्यांची आकडेवारी खोटी नाही. तू त्यात नाहीस, एवढंच."

हे समितीपुढे नुसतं सांगून भागणार नव्हतं, दाखवावं लागणार होतं. बसल्या जागी मुखवट्यातून श्वास घ्यायचा, चाक फिरवून हवेची वाट थोडी थोडी आवळत न्यायची, छातीला तोच पट्टा. सोबत श्वासाचा खरा जोर मोजणारी एक बारीक नळी अन्ननलिकेत. असह्य झालं की हातातलं बटण दाबायचं, वाट मोकळी होते. मृताच्या घरच्यांना हजर राहायचा हक्क होता. सिंधूबाई येतील असं कोणालाच वाटलं नव्हतं. त्या आल्या, पहिल्या ओळीत बसल्या आणि पदर खोचून घेतला.

कंपनीचा अभियंता टिळेकर नम्र माणूस होता, आणि नम्र माणसाशी भांडणं फार अवघड. "लोडेताईंना कमी लेखायचा आमचा हेतू नाही," तो म्हणाला. "पण पट्टा बाईचा दम ओळखत नाही, हे चूक आहे. इथल्या कुठल्याही ताईंनी लावून पाहावा."

"मले लावा," सिंधूबाई म्हणाल्या.

सगळे पाहतच राहिले. डॉक्टरांनी त्यांचं हृदय तपासलं, असह्य झालं की हात वर करायला बजावलं आणि मुखवटा चढवला. त्यांना नळीबिळी काही घातली नाही. चाक फिरलं. सिंधूबाई डोळे मिटून हवा ओढत होत्या, गळ्याच्या शिरा ताठल्या होत्या. मुलगा शेवटी कसा श्वास ओढत असेल, हेच त्या मोजत असाव्यात असं तृप्तीला वाटलं, आणि तिला तिकडे बघवेना. थोड्याच वेळात दिवा पिवळा झाला, आणि चाक आणखी एकदा फिरताच लाल. डॉक्टरांनी लगेच वाट मोकळी केली.

सभागृहात कुजबुज उठली. टिळेकरने 'झालं ना?' अशा अर्थाने हात पसरले.

सिंधूबाईंनी मुखवटा काढला. धापा टाकत त्यांनी लाल दिव्याकडे पाहिलं आणि मग तृप्तीकडे. "माहा तं झाला लाल," त्या म्हणाल्या. "मी बाईच हाय ना?"

"हेच मला दाखवायचं होतं," डॉक्टर म्हणाल्या. "यांचं वय बासष्ट आहे." पण त्यांचं बोलणं कुजबुजीत बुडून गेलं.

तृप्ती खुर्चीत बसली. नळी नाकातून आत गेली तेव्हा तिला उमासा आला, तो तिने गिळला. पट्टा बांधला, मुखवटा चढला. हातात बटण होतं. तिने ते मुठीत धरलं आणि मनाशी ठरवून टाकलं, हे दाबायचं नाही. एकदा भोंगा दाबला, त्याची एवढी शिक्षा झाली. आता काय व्हायचं ते या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होऊ दे.

चाक फिरलं. मग आणखी.

डॉक्टरांच्या पडद्यावर श्वासाच्या जोराची रेघ आधी उंच गेली, मग घसरू लागली. "पाहा," त्या समितीला म्हणाल्या, "स्नायू थकतायत, दाब मात्र जागचा हललेला नाही. पुरे. तृप्ती, बटण दाब."

तृप्तीने मान हलवली. नाही.

"पट्टा हिरवाच आहे, मॅडम," टिळेकर म्हणाला. "आत्ता थांबवलंत तर काहीच सिद्ध होणार नाही."

अध्यक्षांनी हात वर केला. "आणखी एक फेरी होऊ द्या."

"मी परवानगी देत नाही," म्हणत डॉक्टर चाकाकडे वळल्या. टिळेकर मध्ये उभा राहून काहीतरी समजावू लागला. तृप्तीला त्यांचे आवाज लांबून आल्यासारखे वाटत होते. बरगड्यांखालचं मांस थरथरून आता थंड पडलं होतं. ओढायचं, म्हणून ती ओढत होती, आणि काहीच येत नव्हतं. कडेकडेने काळोख जमला. काचेवर वाफ साचली. मूठ मात्र घट्ट मिटलेली, अंगठा बटणापासून लांब धरलेला.

"सोडा तिले!"

खुर्ची उलटल्याचा आवाज झाला. दोन जाड, खरबरीत हात तिच्या कानांमागे आले आणि मुखवट्याचे बंद फाडकन ओढले गेले. हवा एकदम आत शिरली. तृप्ती पुढे कोसळली ती कोणाच्या तरी छातीवर.

"अहो, पण पट्टा—" टिळेकर म्हणाला.

"आग लागो तुमच्या पट्ट्याले! तोंड पाहा पोरीचं! ओठ निळे पडले तिचे!" सिंधूबाई जमिनीवर बसल्या होत्या आणि तृप्तीचं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. पदराने त्या तिच्या कपाळाचा घाम पुसत होत्या, पुसलेलंच पुन्हा पुसत होत्या. डॉक्टर नाडी बघत होत्या. मागे उभे असलेले कुमरे दोन पावलं पुढे आले, आणि त्यांचे डोळे तिच्या छातीवरच्या दिव्यावर खिळले. तो हिरवा होता.

तृप्तीचा श्वास जरा मार्गी लागला तेव्हा सिंधूबाई वाकल्या.

"तवाबी अशीच होती का तू? तिथं, आत?"

तृप्तीला बोलता येत नव्हतं. तिने डोळ्यांनीच हो म्हटलं.

सिंधूबाईंचा चेहरा हळूहळू मोडत गेला. रोशन गेल्यापासून जे अडून बसलं होतं, ते आत्ता, एवढ्या लोकांत, फुटलं. त्यांनी सुनेला उराशी घट्ट धरलं आणि मोठमोठ्याने रडल्या.

"दोघंबी गेले असते वं माझे," त्या म्हणाल्या. "दोघंबी गेले असते."